विश्लेषण : कमावती असूनही हंसा वाडकर मोकळ्या का नव्हत्या? ‘सांगत्ये ऐका’मागची खरी कहाणी

मराठीत ‘सांगत्ये ऐका’ हे नाव दोनदा गाजले. पहिल्यांदा १९५९ मध्ये, अनंत माने यांच्या तमाशापटामुळे. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. दुसऱ्यांदा १९७० मध्ये, त्याच चित्रपटातील अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनामुळे. चित्रपट पाहणाऱ्यांना बाईंचा ठसका ठाऊक होता. पुस्तक वाचणाऱ्यांना त्या ठसक्यामागचा मार, नजरकैद, दारू आणि स्वतःच्या हाती कधीच न आलेली कमाई कळली. आघाडीची नटी असूनही घरातला छळ त्यांना का थांबवता आला नाही आणि अखेर त्यांनी आपले म्हणणे कसे मांडले, याचा हा आढावा.

कोण होत्या हंसा वाडकर?

हंसाबाईंचा जन्म २४ जानेवारी १९२३ रोजी मुंबईत झाला. मूळ नाव रतन साळगावकर. घराणे सावंतवाडीकडचे, गाण्याबजावण्यावर जगणाऱ्या कलावंतिणींचे. अशा घरांत बायका कमावत्या असत. त्यांच्या गळ्यावर सारे घर चाले, पण समाजात लग्नाच्या बाईला मिळणारा मान त्यांच्या वाट्याला येत नसे. रतनच्या आईवडिलांनी मात्र रीतसर संसार मांडला होता. आता आपण चारचौघांसारखे घरंदाज झालो, ही भावना त्या घरात होती. म्हणूनच अब्रूला जपण्याचा धाकही मोठा होता.

संसार सुखाचा नव्हता. वडिलांना दारूचे व्यसन होते आणि पैशांची ओढाताण कायमची. रतनची शाळा लवकर सुटली. घरातल्या काही बायका आधीच गाण्यात आणि चित्रपटांत होत्या, त्यामुळे ती वाट परकी नव्हती. मामा वरेरकर यांच्या कथेवरचा ‘विजयाची लग्ने’ १९३६ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा रतनचे वय जेमतेम तेरा वर्षांचे होते. त्या वयात तिने कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे ठरवले, असे म्हणण्यात अर्थ नाही. घराला पैशांची गरज होती आणि मुलगी दिसायला चांगली होती, एवढेच कारण पुरेसे ठरले. पडद्यावर येताना रतन साळगावकरची हंसा वाडकर झाली.

नटीचे नाव का बदलत असे?

हे समजण्यासाठी कोल्हापूरकडे पाहावे लागते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली, कारण स्त्री मिळाली नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ (१९२०) काढला, त्यात मात्र दोन स्त्रिया होत्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. चित्रपटात काम करणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे या नावबदलातून कळते.

पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही कोल्हापुरातच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) दुर्गा खोटे नायिका झाल्या, तेव्हा प्रतिष्ठित घरातली बाई पडद्यावर आली म्हणून केवढी चर्चा झाली. दुर्गाबाईंच्या पाठीशी शिक्षण होते, मोठे माहेर होते. हंसाबाईंच्या पाठीशी यातले काहीच नव्हते. दोघी एकाच धंद्यात काही वर्षांच्या अंतराने आल्या, पण दोघींच्या पायाखालची जमीन सारखी नव्हती.

लग्नाने घर मिळाले का?

साळगावकरांच्या घरी जगन्नाथ बांदरकर यांचे येणेजाणे होते. ते वयाने रतनपेक्षा बरेच मोठे होते. घरच्या अडीअडचणीत त्यांची मदत होत असे. आईचा विरोध न जुमानता, विशी गाठण्याच्या आतच हंसाबाईंनी त्यांच्याशी लग्न केले. यात आपला हट्टही होता, हे त्यांनी आत्मकथनात लपवलेले नाही.

लग्नामागची अपेक्षा साधी होती. चित्रपट सोडायचा, घर सांभाळायचे, मुले वाढवायची. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरातल्या बायकांना गृहिणी हा मान मिळाला नव्हता, तिथल्या मुलीला त्याचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. घडले ते उलटेच. हंसाबाईंच्या कथनानुसार, त्यांनी काम करत राहावे हा आग्रह नवऱ्याचाच होता. करार तो ठरवी, पैसे तो घेई, हिशेब तोच ठेवी. आणि ज्या कामाला तो पाठवी, त्याच कामावरून संशयही घेई. सोबतच्या नटांवरून भांडणे होत, मारहाण होई. मुले हवी असताना गर्भपात वाट्याला आले. पुढे एक मुलगी झाली.

ही कोंडी नीट पाहिली पाहिजे. घराबाहेर पडणारी बाई म्हणून त्यांच्यावर संशय होता, पण बाहेर पडल्याशिवाय घर चालत नव्हते. काम सोडायची मुभा नव्हती आणि काम करण्याची इज्जतही नव्हती. दारूची सवय याच काळात जडली.

पडद्यावर सखू, घरी काय?

चित्रपटांतली त्यांची वाटचाल या काळात जोरात सुरू होती. बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’मध्ये (१९३९) त्यांनी काम केले. मग प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१) आला. दामले-फत्तेलाल आणि राजा नेने यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटात सखू होत्या हंसाबाई. दामले आणि फत्तेलाल दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले.

सखूची कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कृष्णाकाठच्या कराडची ही सून. सासूचा जाच, कामाचा रगाडा, पोटभर अन्न नाही. पंढरपूरला जायची ओढ लागली म्हणून तिला बांधून ठेवले जाते. तेव्हा विठ्ठल स्वतः सखूचे रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो, घरची कामे करतो आणि सखू वारीला जाते. छळ सोसणाऱ्या बाईची सुटका देवाने तिची जागा घेतल्यावरच होते, असे सांगणारी ही कथा. ती भूमिका करणारी अठरा वर्षांची मुलगी दिवसाचे काम संपवून ज्या घरी परतत होती, तिथे तिची जागा घ्यायला कोणी येणार नव्हते. प्रेक्षक सखूसाठी रडले. हंसाबाईंच्या घरात काय चालले आहे, हे विचारण्याची रीत तेव्हा नव्हती.

त्यानंतर ‘रामशास्त्री’ (१९४४) आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) हे महत्त्वाचे टप्पे आले. ‘रामजोशी’चे दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांनी सुरू केले आणि व्ही. शांताराम यांनी पूर्ण केले. जयराम शिलेदार यांच्यासमोर हंसाबाईंनी तमाशातली बया उभी केली. लावणीची अदा आणि बोलण्यातला ठसका यांमुळे ही भूमिका लोकांच्या मनात बसली. तमाशापट म्हटले की हंसा वाडकर, हे समीकरण तिथून सुरू झाले. ‘पुढचं पाऊल’मध्ये (१९५०) त्या पु. ल. देशपांडे यांच्यासोबत होत्या. साधी, सोशिक सून आणि फडावरची बेधडक नाचणारीण या दोन टोकांच्या भूमिका त्या सारख्याच सहजतेने करत.

बाहेर पडणे इतके अवघड का होते?

पैसे मिळवणारी बाई निघून का जात नाही, हा प्रश्न आजही विचारला जातो. हंसाबाईंच्या आयुष्यात त्याची उत्तरे एकापाठोपाठ एक सापडतात.

पहिले कारण पैशाचे. पैसे मिळवणे आणि पैसे हातात असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. व्यवहार नवऱ्याच्या ताब्यात असल्यावर नामवंत नटीलाही रोजच्या खर्चासाठी हात पसरावा लागतो.

दुसरे कारण मुलीचे. घर सोडले तर मूल दुरावणार, ही भीती. पुढे तसे झालेही. लेकीपासून आलेला दुरावा हा त्यांच्या कथनातला सर्वांत खोल सल आहे.

तिसरे कारण जागेचे. नवऱ्याचे घर सोडलेल्या नटीला भाड्याने खोली देणारा घरमालक मिळणे मुश्कील. हॉटेलात राहिले तर बदनामी. त्यामुळे एका पुरुषाच्या घरातून निघालेली बाई दुसऱ्या पुरुषाच्या आधाराला जाई आणि तिथेही तिला घर आपले म्हणता येत नसे.

चौथे कारण कायद्याचे. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये मिळाला. त्याआधी, ज्या जातींत काडीमोडीची रूढी नव्हती, तिथे विवाहातून कायदेशीर सुटका जवळपास अशक्य होती. याबाबत कोल्हापूर संस्थान पुढे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. घरातला छळ ही घरापुरती बाब नसून राज्याने हात घालावा असा गुन्हा आहे, हे त्यात मान्य केले होते. स्वतंत्र भारतात कौटुंबिक छळाविरुद्ध फौजदारी तरतूद यायला १९८३ साल उजाडले, हे लक्षात घेतले की त्या कायद्याचे मोल कळते.

मराठवाड्यातील ती तीन वर्षे

नवऱ्याशी झालेल्या एका भांडणानंतर हंसाबाई घर सोडून एका ओळखीच्या माणसाबरोबर मराठवाड्यातल्या त्याच्या गावी गेल्या. तिथे पोचल्यावर कळले की त्याच्या घरात आधीच्या दोन बायका आहेत. मोठा वाडा, शेतीवाडी, नोकरचाकर सारे होते, पण बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. ज्या चेहऱ्यासाठी लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहत, तो चेहरा सुमारे तीन वर्षे वाड्याच्या भिंतींआड राहिला. ज्या गृहिणीपणाची त्यांना ओढ होती, ते हे असे मिळाले. स्वयंपाकघर होते, सणवार होते, मोठे कुटुंब होते. नव्हते ते फक्त दाराबाहेर जाण्याचे स्वातंत्र्य.

अखेर त्यांनी चोरून पत्र पाठवले, तेही नवऱ्यालाच. दुसरे कोण होते? नवरा पोलिसांना घेऊन आला आणि सुटका झाली. मात्र या सुटकेच्या वाटेवरच, ज्याच्यापुढे त्यांना हजर करण्यात आले त्या न्यायदंडाधिकाऱ्याने आपल्यावर अत्याचार केला, असे हंसाबाईंनी नोंदवले आहे. न्याय देण्यासाठी बसवलेल्या माणसाबद्दल हे छापील पुस्तकात, स्वतःच्या नावाने सांगणारी बाई त्या काळात विरळाच. या प्रसंगावर त्यांनी शब्दांचा पसारा मांडला नाही. घडले तसे सांगितले आणि कथन पुढे नेले.

परत आल्यावर त्यांनी पुन्हा चित्रपटांत पाय रोवले. ‘मी तुळस तुझ्या अंगणी’ (१९५५) आणि ‘नायकिणीचा सज्जा’ (१९५७) हे चित्रपट आले. मग आला ‘सांगत्ये ऐका’. गावच्या पाटलाचा अन्याय आणि त्याला फडावरून जाब विचारणारी तमाशातली बाई, अशी त्याची कथा. जयश्री गडकर यांना या चित्रपटाने तारका बनवले आणि चिमाच्या भूमिकेत हंसाबाईंनी आपली जागा पुन्हा पक्की केली.

आत्मकथन कसे घडले?

साठच्या दशकात श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’ साप्ताहिकातून हंसाबाईंची कहाणी आधी वाचकांपुढे आली. त्यांनी सांगायचे आणि तरुण पत्रकार अरुण साधू यांनी शब्दांकन करायचे, अशी ती पद्धत. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी साधू मोठे लेखक म्हणून ओळखले गेले. राजहंस प्रकाशनाने १९७० मध्ये हे कथन पुस्तकरूपात आणले. नाव चित्रपटाचेच ठेवले, पण अर्थ बदलला. चित्रपटात त्या दुसऱ्याने लिहून दिलेली वाक्ये बोलत होत्या. पुस्तकात बोलणे त्यांचे होते.

मराठीत स्त्रियांच्या आत्मकथनांची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून. पण त्या कहाण्या थोर नवऱ्यांच्या सहवासातल्या होत्या. हंसाबाईंच्या कथनात थोर कोणी नाही. स्वतःला त्यांनी थोर ठरवले नाही आणि निव्वळ बळी म्हणूनही मांडले नाही. आपले पिणे, आपला राग, चुकलेली माणसे, लेकीकडे झालेले दुर्लक्ष हे सारे त्यांनी सांगितले. यामुळेच नवऱ्याबद्दलचे त्यांचे म्हणणे वाचकाला खरे वाटते. अर्थात ही त्यांची बाजू आहे. समोरच्या बाजूचे असे पुस्तक नाही. पण त्याआधीची तीस वर्षे फक्त समोरच्याच बाजूचे ऐकले गेले होते, हेही खरे.

जगभरातील कहाण्यांशी नाते काय?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बिली हॉलिडे यांनी १९५६ मध्ये आपले आयुष्य विल्यम डफ्टी या पत्रकाराला असेच सांगितले होते. बालपणीची होरपळ, छळणारे पुरुष, व्यसन आणि मंचावरचे झगमगते यश ही सारी वळणे हंसाबाईंच्या आयुष्याशी जुळतात. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये त्या गेल्या.

कादंबरीत हाच विषय सर्वाधिक गाजला तो अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’मुळे. १९८२ च्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. तिची नायिका सेली ही गरीब कृष्णवर्णीय मुलगी. कोणाला सांगायचे नाही, अशी ताकीद मिळाल्याने ती देवाला पत्रे लिहिते. लग्नानंतरही मार आणि राबणे संपत नाही. तिला वाचा फुटते ती मैत्रिणींच्या आधाराने, आणि ती खऱ्या अर्थाने मोकळी होते ती स्वतः शिवलेल्या विजारी विकून पैसा हातात आल्यावर, स्वतःचे घर मिळाल्यावर. हंसाबाईंकडे कमाई सेलीपेक्षा कितीतरी जास्त होती. नव्हते ते कमाईवरचे हक्क आणि हक्काचे छप्पर.

मराठीत या वाटेवरचे आणखी एक मोठे नाव फलटणच्या बेबी कांबळे यांचे. ‘जिणं आमुचं’ त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. जातीचा जाच आणि घरातला जाच असे दुहेरी ओझे त्यांच्यावर होते. हंसाबाईंनी बोलण्यासाठी पत्रकार शोधला, बेबीताईंनी कागद लपवले. दोघींना ऐकणारे मिळायला फार वेळ लागला.

‘भूमिका’ने काय केले?

हंसाबाईंचे निधन २३ ऑगस्ट १९७१ रोजी मुंबईत झाले. वय अवघे ४८. त्यांच्या आत्मकथनावर आधारित श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ मध्ये आला. स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आणि बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमोल पालेकर यांनी रंगवलेला नवरा हा हिंदी पडद्यावरच्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या नवऱ्यांपैकी एक ठरला, कारण तो राक्षसासारखा दिसत नाही. तो केवळ हिशेब ठेवतो.

या चित्रपटाने हंसाबाईंची कहाणी मराठीबाहेर नेली. त्याचबरोबर एक गोष्ट मागे पडली. आज अनेकांना ‘भूमिका’ म्हणजे स्मिता पाटील आठवते, ज्यांचे आयुष्य ते होते त्या बाई आठवत नाहीत. पुढे दुर्गा खोटे आणि शांता हुबळीकर यांनीही आत्मकथने लिहिली. नटीने आपल्या आयुष्याबद्दल स्वतः बोलावे, हे सवयीचे होत गेले. ती वाट पाडण्यात ‘सांगत्ये ऐका’चा मोठा वाटा आहे.

आज या कहाणीचे महत्त्व काय?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाबरोबरच आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आहे. बाईला तिच्या हक्काच्या पैशांपासून वंचित ठेवणे म्हणजे छळ, हे कायद्याने स्पष्ट म्हटले. सामाईक घरात राहण्याचा हक्कही त्यात आहे. हंसाबाईंना ज्या दोन गोष्टींअभावी पुन्हा पुन्हा नवऱ्याच्या दारात परतावे लागले, नेमक्या त्याच या.

कायदा असला तरी पगार खात्यात जमा होतो आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खिशात असते, अशी घरे आजही आहेत. बाई नोकरी करते म्हणून तिला काही त्रास नसेल, असे शेजारीपाजारी धरून चालतात. हंसाबाईंबद्दलही प्रेक्षक असेच धरून चालले होते. तिच्या पगाराचे काय होते, हे एकदा तिलाच विचारून पाहायला हरकत नाही.